हेवनली ब्लूची वेल गच्च भरलीय, पण फूल एकही नाही: उपटावी की थांबावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात तिसऱ्या मजल्यावरची गच्ची. पाडव्याच्या सुमारास हेवनली ब्लू मॉर्निंग ग्लोरीच्या बिया लावल्या. आषाढ आला, ग्रिल पूर्ण झाकलं गेलं, पानं तळहाताएवढी झाली, पण कळी दिसायचं नाव नाही. दर पंधरा दिवसांनी गांडूळखत घालताय, मधूनमधून केळ्याच्या सालींचं पाणी. त्याच कुंडीतली झेंडूची रोपं खुरटलीत. शेजारच्या काकू म्हणतात, विषारी असते, रान माजवते, उपटून टाका. घरात दीड वर्षाची मुलगी आहे आणि एक मांजर आहे.

उपटू नका, ताई. वेलीला काही झालेलं नाही. खत मात्र आजपासून बंद करा, आणि केळ्याच्या सालींचं पाणीसुद्धा.

ही वेल, म्हणजे आयपोमिया ट्रायकलर, मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. तिथल्या डोंगरउतारांवर पानगळीची जंगलं आहेत, त्यांच्या कडेला, झुडपांवर, पडीक जमिनीत ती पसरते. ओआहाका हे तिथलं शहर साधारण 17 अंश उत्तर अक्षांशावर आहे, मोरेलोस राज्यातलं क्वेर्नावाका जवळजवळ 19 वर. आपलं कोल्हापूर पावणेसतरावर, पुणं साडेअठरावर. म्हणजे वर्षभरात दिवस जेवढा लांबतो-आखडतो तेवढाच इथेही. पाऊससुद्धा तिकडे मे-जूनला सुरू होतो आणि ऑक्टोबरात उघडतो. फरक उंचीचा. ही दोन्ही शहरं समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या आसपास आहेत, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही थोडी वर, त्यामुळे रात्री गार. बाकी पंचांग आपलंच. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो: हिला खरिपाचं पीक समजा. पावसाच्या तोंडावर किंवा भर पावसात बी, गणपतीनंतर कळ्या, दसरा-दिवाळीला बहर.

बियांच्या पाकिटावर मात्र ‘वसंतात पेरा’ असं छापलेलं असतं. ते थंड देशांसाठी आहे. तिकडे बर्फ वितळल्याशिवाय बी घालताच येत नाही, आणि पहिलं हिव पडायच्या आत फुलं उरकावी लागतात. आपण ते वाचून पाडव्याला पेरतो. मग वेल उगवते ती दिवस लांबत चाललेले असताना, एप्रिल-मेच्या तावात. पुण्यात 21 जूनला दिवस सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरात अकरा तासांवर येतो. ही झाडं रात्र मोजतात. रात्र लांबू लागली की कळ्या धरायच्या, असा त्यांचा हिशेब. तोवर पानं आणि शेंडा. तुमची वेल चार महिने तेच इमानदारीनं करतेय.

या रात्र मोजण्याचा अभ्यास सगळ्यात जास्त झाला तो हिच्या बहिणीवर, आयपोमिया निल. जपानी लोकांची लाडकी आसागाओ ती हीच. तिच्या ‘व्हायोलेट’ नावाच्या वाणाचं रोप नुसत्या पहिल्या जोडपानांचं असताना एक लांब रात्र मिळाली, तरी कळी धरायचं ठरवून टाकतं. आणि त्या रात्रीच्या मधोमध काही मिनिटं लाल उजेड पडला, तर बेत रद्द. हेवनली ब्लू इतकी काटेकोर नाही. लांब दिवसातही ती एखाददुसरं फूल देऊन जाते, पण भरघोस बहर हवा असेल तर अंधार लागतोच. म्हणून संध्याकाळनंतर गच्चीवर जाऊन बघा: रस्त्यावरचा दिवा किंवा सोसायटीचा फ्लडलाइट थेट वेलीवर पडतो का? ग्रिलच्या एका बाजूला फुलं आणि दिव्याकडच्या बाजूला नुसती पानं, असं चित्र मी शहरात पुष्कळदा पाहतो. तसं असेल तर त्या बाजूला जुनी गोणपाटाची किंवा शेडनेटची आड धरा. ऑगस्टच्या शेवटापासून महिनाभर धरली तरी पुरे.

आता खताचं. पानं तळहाताएवढी, गर्द हिरवी, देठ लांब, शेंडा दिवसाला वीतभर सरकतोय: हे नत्र जास्त झाल्याचं लक्षण. गांडूळखत चांगलंच, पण दर पंधरा दिवसांनी ते या वेलीला फार होतं. हिची सवय मुरमाड उताराची. मी नर्सरीत हिच्या कुंडीत दोन भाग साधी माती, एक भाग वाळू किंवा बारीक मुरूम आणि एक भाग जुनं, कुजून भुसभुशीत झालेलं शेणखत घालतो, आणि नंतर काही देत नाही. पानं अगदीच फिकट पडली तर मूठभर तेच शेणखत, बस. केळ्याच्या सालींच्या पाण्यावर लोकांचा फार विश्वास असतो. पालाश मिळतं म्हणतात. मिळत असेल थोडं, पण कुंडीत साचलेल्या त्या गोड पाण्यावर चिलटं आणि बुरशी जास्त मिळते. ते आंबवून झाडाला घालायचा सोपस्कार या वेलीसाठी तरी सोडा.

पाणी थोडं आखडतं घ्या. पावसात देऊच नका. उघडीप पडली की बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं तर द्यायचं. दुपारी उन्हात पानं माना टाकतात ती पाण्यासाठीच असं नाही. संध्याकाळी सावरली तर तहान नव्हती. आणि ऊन किती मिळतं हे तुम्ही लिहिलं नाहीत. पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर बाकी सगळं करूनही चार फुलांवर समाधान मानावं लागेल. सकाळचं पूर्वेचं ऊन सगळ्यात चांगलं.

शेंडे खुडायचे असतील तर आत्ताच, श्रावण लागेपर्यंत. त्यानंतर कात्री लावू नका, कारण कळ्या पानांच्या बेचक्यातून येतात आणि नव्या फुटव्यांवर जास्त येतात. सप्टेंबरात ‘जरा आवरून घेऊ’ म्हणून कापलेली वेल दिवाळीपर्यंत रुसते.

खरं तर जुन्या वेलीवर सगळी मदार ठेवूही नका. पाकिटात बिया उरल्या असतील तर याच आठवड्यात दुसऱ्या कुंडीत चार बिया टाका. जुलैत पेरलेली वेल लहानखुरी राहते, पुरुषभर उंचीची, पण तिला पहिल्यापासूनच आखडणारे दिवस मिळतात. ती फुलायला फार वेळ लावत नाही, आणि अंगभर फुलते. पाडव्याची गलेलठ्ठ वेल मागे पडते.

बी पेरण्याची एक युक्ती आहे. बी काळं, टणक, संत्र्याच्या फोडीसारखं तीन कडांचं असतं. त्याच्या एका टोकाला बारीक खळगी दिसते, तिथून अंकुर येतो. त्या टोकाला हात लावायचा नाही. विरुद्ध बाजूच्या फुगीर पाठीवर नेलकटरच्या कानशीनं दोन-तीनदा घासा, आतला फिकट रंग दिसेपर्यंत. मग रात्रभर साध्या पाण्यात. सकाळी जी दुप्पट फुगली ती पेरायची, जी तशीच कडक राहिली तिला पुन्हा घासायचं. खोली बोटाच्या एका पेराहून कमी. आठवड्याच्या आत मान वर निघते. पहिली दोन पानं खऱ्या पानांसारखी बदामी नसतात, मधोमध खोल चिरलेली असतात, फुलपाखरानं पंख उघडावे तशी. रोप उपटून लावलेलं हिला मानवत नाही, मूळ दुखावतं. जागच्या जागीच पेरा, नाहीतर कागदी कपात, आणि कप बुडाशी फाडून सगळा गोळा खाली ठेवा. बारा इंची कुंडीत दोनच वेली. चार फार होतात.

आधाराला ग्रिलचे जाड चौकोनी गज चालत नाहीत, असं अनेकांच्या लक्षात येत नाही. काकडी-दोडक्यासारखे धरून ठेवणारे तणावे हिला नसतात. ही वालाच्या वेलीसारखी अंगानंच गुंडाळत चढते, आणि वरून पाहिलं तर कायम घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं. तुम्ही हौसेनं सुतळीभोवती दुसऱ्या दिशेनं गुंडाळून ठेवलीत तर दुसऱ्या दिवशी शेंडा सुटून हवेत डोलत असतो. गजांना सुतळी किंवा नायलॉनची बारीक दोरी उभी बांधा, पेन्सिलीहून जाड काही नको.

कळ्या आल्या की एक दिवस पहाटे उठून बघाच. आदल्या संध्याकाळी कळी बोटभर लांब होते, पिळलेली, आणि रंगानं जांभळट-गुलाबी. उजाडायच्या सुमारास पीळ सुटतो आणि तीच पाकळी आकाशी निळी होऊन उलगडते. रंगद्रव्य तेच राहतं. पाकळीच्या वरच्या थरातल्या पेशींचा रस आम्लाकडून अल्काकडे सरकतो. जपानी संशोधकांनी 1995 मध्ये सूक्ष्म इलेक्ट्रोड घालून हे मोजलं: कळीत सामू (pH) 6.6, उमललेल्या फुलात 7.7. पाकळ्यांच्या पेशी सहसा आम्लधर्मीच असतात, त्यामुळे हा आकडा फुलांच्या जगात जगावेगळा आहे. फूल कोमेजताना कडा आत वळतात आणि निळा रंग परत जांभळट होतो. फूल एका सकाळपुरतंच. कडक उन्हात दहा-साडेदहाला मिटतं, ढगाळ दिवशी दुपारपर्यंत टिकतं. महाबळेश्वर-पाचगणीला, किंवा पुण्यातच नोव्हेंबरच्या गारव्यात, एकेक फूल तब्येतीत राहतं. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की पानं पांढुरकी पडतात आणि खेळ संपतो. बोंडं खुडून घ्या, मग वेल काढून कंपोस्टात टाका, पुढच्या वर्षी नवी.

नोकरीमुळे सकाळी गच्चीवर जाणंच होत नसेल, तर हिच्याच कुळातली चांदवेल लावा, आयपोमिया आल्बा. संध्याकाळी दिवेलागणीला हातभर अंतरावरून बघत असताना उघडते, पांढरी, बशीएवढी, वासाची, आणि तिच्यावर रात्री मोठे पतंग येतात. तीही अमेरिकेचीच. मेक्सिकोतले जुने लोक रबराच्या झाडाच्या चिकात तिचा रस मिसळून रबर घट्ट आणि उसळतं करत. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे चेंडू तिकडे सापडलेत, आणि ही कृती शास्त्रज्ञांनी 1999 मध्ये प्रयोग करून पडताळून पाहिली.

झेंडूबद्दल. एकाच कुंडीत दोघांच्या मुळांची झटापट होते आणि वेल जिंकते, हे पहिलं कारण. पण या वेलीकडे आणखी एक हत्यार आहे. मोरेलोसमधले ऊस शेतकरी पावसाळ्यात पडीक ठेवलेल्या रानात हीच वेल मुद्दाम वाढू देतात आणि नंतर जमिनीत गाडतात, तण दबतं. मेक्सिकोच्या संशोधकांनी 1990च्या दशकात त्यामागचं रसायन वेगळं काढलं, वेलीच्या राळेतलं, आणि त्याला ट्रायकलोरिन नाव दिलं. आपल्याकडे उसातल्या आयपोमियाच्या वेली म्हणजे शेतकऱ्याच्या डोक्याला ताप, तोडणीला उसाला वेढे घालून बसतात. तिकडे हीच मंडळी कामाला जुंपलीत. तुमच्यापुरतं एवढंच की हिच्या कुंडीत दुसरं काही लावू नका.

किडीचं फार नाही. उन्हाळ्यात पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि खाली जाळी दिसली तर लाल कोळी. पानाच्या खालच्या बाजूनं पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवस मारला तरी आवरतो. पानांना गोल भोकं पडली तर सकाळी पान उलटून बघा: पारदर्शक कडेचा, सोन्यासारखा चमकणारा चपटा भुंगा सापडेल. मेला की सोनं जातं, नुसता तपकिरी उरतो. वेचून टाका. शेपटीवर शिंग असलेली बोटभर जाड अळी दिसली तर ती मोठ्या पतंगाची, रात्रीत अर्धी वेल खाते. तीही हातानंच उचलावी. कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली, थोडा साबण घालून, संध्याकाळी. उमललेल्या फुलांवर नको.

आता विषाचं. काकूंचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि तुमच्या घरात ते अर्धंच महत्त्वाचं आहे. पानं-फुलांना हात लावल्यानं काही होत नाही. विष मुख्यतः बियांत. ओआहाकाच्या झापोटेक या मूळनिवासी समाजातले वैदू या बिया वाटून, निदान सांगण्यासाठी झिंग यावी म्हणून देत. 1960च्या सुमारास स्विस रसायनतज्ज्ञ आल्बर्ट हॉफमान यांनी त्यांतून लायसर्जिक आम्लाची अमाइडं (एलएसडी या नशेच्या द्रव्याची नातलग) वेगळी काढली, तेव्हा लोकांचा विश्वास बसला नाही, कारण असली द्रव्यं तोवर अर्गट या बुरशीतच माहीत होती. नंतर उलगडलं की या वेलींतही ती वेल करत नाही, वेलीत राहणारी बुरशीच करते. हेवनली ब्लूमधली ती बुरशी 2025 मध्ये अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या विद्यार्थिनीनं, कोरिन हेझल यांनी, बियांच्या सालीवरच्या इवल्याशा लवेत शोधून काढली. पेरिग्लँड्युला क्लँडेस्टिना असं तिचं नाव.

व्यवहारात याचा अर्थ: बिया पोटात गेल्या तर मळमळ, उलट्या, भ्रम. गरोदर बाईनं तर लांबच राहावं, या द्रव्यांनी गर्भाशय आवळतं. पाकिटातल्या बियांना कधी गुलाबी किंवा निळं बुरशीनाशक चोपडलेलं असतं, ते वेगळं विष. लहान मुलानं किंवा मांजरानं बिया खाल्ल्या असं वाटलं तर घरगुती उपाय करत बसू नका. उरलेल्या बिया किंवा पाकीट घेऊन सरळ डॉक्टरांकडे, मांजरासाठी पशुवैद्याकडे. आणखी एक: आयपोमिया निलच्या बिया आपल्याकडे काळादाणा म्हणून काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात, रेचक म्हणून. त्यावरून ‘मग हीसुद्धा औषधीच’ असा अर्थ कुणी काढू नये. कुळात नाळीची भाजी आहे, रताळं आहे, म्हणून हिचीही पानं परतून खावीत असंही नाही. (रताळंही अमेरिकेतूनच आलं आणि उपासाच्या ताटात जाऊन बसलं, गणेशवेलही तिकडचीच. हिला परकी म्हणून नाक मुरडायचं तर यादी फार लांबेल.)

रान माजवणारी ती वेगळी, आणि काकूंच्या डोळ्यांपुढे बहुधा तीच आहे: आयपोमिया इंडिका. बारमाही, गडद निळी-जांभळी, पेरापेराला मुळं फुटणारी. थंड हवेच्या गावांत बंगल्यांच्या कुंपणावर लावतात आणि ती कुंपण सोडून झाडावर चढते. निलगिरीच्या डोंगरात आणि ऑस्ट्रेलियात ती डोकेदुखी झाली आहे. ओळखायचं असं: पान आणि देठ बोटांनी चोळा, मग फूल उलटं करून बुडाची हिरवी निदलं बघा. हेवनली ब्लूचं सगळं अंग गुळगुळीत, पान साधं बदामी, निदलं आखूड आणि अंगाला चिकटलेली. इंडिकाला मऊ लव, पानं पुष्कळदा तीन खंडांची, निदलं लांब निमुळत्या टोकाची, आणि फुलं झुपक्यानं. डोंगरात किंवा देवराईजवळ घर असेल तर इंडिकाची फांदी कुणी फुकट दिली तरी आणू नका. तुमची वेल वर्षायू आहे, ती पसरते फक्त बियांनी, आणि गच्चीवर तेवढं आवरणं तुमच्या हातात आहे.

तेव्हा फुलं सरली की मागे राहणाऱ्या बोंडांवर लक्ष ठेवा.  वाळून कागदासारखी झाली, हलवल्यावर आत खुळखुळ वाजली की लगेच खुडायची, नाहीतर फुटून बिया गच्चीभर होतात, आणि तुमच्याकडे सध्या रांगत-चालत जे दिसेल ते तोंडात घालणारं माणूस आहे. पुढच्या वर्षासाठी एक-दोन बोंडांतल्या चार-सहा बिया पुरतात. बाकीची बोंडं कचऱ्यात, कंपोस्टात नको. ठेवलेल्या बिया सावलीत आठवडाभर वाळवून कागदाच्या पुडीत, पुडीवर नाव आणि ‘खाऊ नये’ लिहून, घट्ट झाकणाच्या बरणीत, सगळ्यात वरच्या फळीवर. पेरायच्या पुढच्या जूनच्या शेवटी.